पदवी भूशास्त्राची, पर्यावरणाची की भूगोलाची?

यावल तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलंय: बारावी सायन्स झाली, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलं होतं, ७१ टक्के पडले. घरी केळी आहे. "माझ्या आठवणीत आमच्या शेतात तीन बोअर झाले, त्यातले दोन आटले. मला पाण्याचं, पर्यावरणाचं काहीतरी शिकायचंय. पुण्यात बीएस्सी पर्यावरणशास्त्र आहे, भूशास्त्रही आहे. घराजवळच्या कॉलेजात केमिस्ट्री आणि भूगोल मिळतो. बाबा म्हणतात ॲग्री कर. मामा म्हणतात भूशास्त्र म्हणजे दगड फोडायचं काम, मुलीच्या जातीनं कुठं रानोमाळ हिंडायचं? काय घेऊ?"

मी धुळ्याची. चोवीस वर्षं भूजलाचं काम करते. विहिरी-बोअरच्या जागा बघणं, गावाचा पाण्याचा हिशेब मांडणं, अधूनमधून एखाद्या प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालातलं भूजलाचं प्रकरण लिहिणं, असं सगळं. म्हणजे माझा कल भूशास्त्राकडे असणारच. तेवढा वजा करून वाच. वयानं बरीच लहान आहेस म्हणून 'तू'च म्हणते.

तुझ्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. शिकायला काय आवडेल, हा एक. पदवीच्या कागदावर जे नाव छापून येईल त्यानं पुढं कोणती दारं उघडतील आणि कोणती बंद होतील, हा दुसरा. आणि घर सोडून पुण्याला जायचं का, हा तिसरा. तिसऱ्याचं उत्तर तुझ्या घरीच आहे, मी फक्त खर्चाचं चार शब्दांत सांगेन. पहिल्या दोनांवर मात्र बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी माझी एक फजिती सांगते. घडलीही तुझ्याच तालुक्यात, माझ्या कामाच्या दुसऱ्या वर्षी. एका केळीवाल्यानं बोअरची जागा दाखवायला बोलावलं. आम्ही रोधमापन करतो, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते मोजतो, ते असं: एका रेषेत चार लोखंडी सळ्या जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोनांतून वीज सोडायची, आतल्या दोनांमधला विद्युतदाब मोजायचा. बाहेरच्या सळ्या जसजशा लांब न्याव्यात तसतसं मोजमाप अधिक खोलीवरचं येतं. वरचे आकडे बरे होते, मग खाली रोध एकदम घसरला. मला वाटलं, झालं, पाणी. आमच्या धुळ्याच्या काळ्या पाषाणात तसंच असतं: कोरडा घट्ट दगड वीज अडवतो, ओला मुरूम जाऊ देतो. जागेवर खूण केली, दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी लागली. दीडशे फुटांपासून पुढं जी पिवळी चिकण माती यायला लागली ती संपेचना. बोअर कोरडा. शेतकरी रागावला नाही, चहा दिला आणि म्हणाला, "ताई, नारळवाल्यानं हेच फुकटात चुकवलं असतं." नारळवाला म्हणजे तळहातावर नारळ धरून पाणी सांगणारा.

यंत्रानं खरंच सांगितलं होतं. ओली चिकण माती वीज छान वाहून नेते, पण पाणी सोडत नाही; गोड्या पाण्यानं भरलेल्या वाळूचा रोध मातीपेक्षा जास्त येतो. गाळाच्या प्रदेशात कमी आकडा दिसला की आनंद मानायचा नसतो, हे मला कळायला हवं होतं. शेजारच्या दोन जुन्या बोअरमध्ये किती फुटांवर काय लागलं ते विचारून आकड्यांशी ताडून बघायला हवं होतं. मी बारावीनंतर गणित सोडलं होतं आणि पदार्थविज्ञान पास होण्यापुरतं केलं होतं. त्याची फी त्या शेतकऱ्यानं भरली. पुढं दोन वर्षं रात्री बसून ते सगळं नव्यानं शिकले.

हे सांगण्याचं कारण असं की, तुझा आटलेला बोअर हा 'पर्यावरणाचा' प्रश्न म्हणून तुला दिसतोय, आणि आहेच. पण तो सोडवायला बसलं की त्याचे तुकडे पडतात. खाली वाळू किती, माती किती, हे भूशास्त्र. पाणी किती वेगानं मुरतं नि वाहतं, हे गणित आणि पदार्थविज्ञान. पाण्यात युरियाचं काय उतरलं, हे रसायन. केळीला खरंच किती पाणी लागतं, हे शेतीशास्त्र. आणि शेजाऱ्यानं तुझ्यापेक्षा शंभर फूट खोल बोअर मारला तर काय करायचं, हे गावाचं राजकारण, त्याची पदवी कुठंच मिळत नाही. यातला एक तुकडा तुला पक्का यायला हवा. बाकीचे ओळखीचे असले तरी चालतात, कारण त्यांची माणसं बरोबर घेता येतात.

आपल्या खानदेशात तर हे फार जवळून दिसतं. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेरच्या वरच्या अंगाला डोंगरातून आलेल्या गोट्यांचा, वाळूचा जाड पट्टा आहे. आमच्या भाषेत बझाडा. पावसाळ्यात नदी डोंगर उतरून आली की या पट्ट्यात शिरून गडप होते. त्याच्या खालच्या अंगाला, नदीकडे, तापीचा गाळ, शेकडो फूट जाड. तापी ओलांडून आणखी दक्षिणेकडे आलीस की बहुतेक सगळा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. धुळे-नंदुरबारकडे त्यात शेकड्यांनी डाईक: जुन्या भेगांत लाव्हा गोठून झालेल्या, मैलोन्‌मैल सरळ जाणाऱ्या दगडी भिंती. दोंडाईच्याकडे जाताना माळावर ज्या अरुंद, सरळ टेकड्या दिसतात त्यांतल्या बऱ्याचशा याच. एखादी डाईक पाणी अडवते, मग तिच्या वरच्या अंगाला विहीर भरलेली आणि खालच्या अंगाला कोरडी. तुटलेली, भेगाळलेली डाईक नेमकं उलटं करते.

शिरपूर पॅटर्न तू ऐकला असशील. भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकरांनी शिरपूर तालुक्यात नाले रुंद-खोल करून, त्यांवर बंधारे घालून पाणी मुरवलं. त्याचं नाव झालं आणि मग जिकडंतिकडं जेसीबी नाल्यात उतरले. जिथं गाळाचा वरचा चिकण थर फोडून खालच्या वाळूला वाट मिळाली, तिथं फायदा झाला. जिथं खाली नुसता घट्ट पाषाण होता, तिथं मार्चपर्यंत डबकं राहिलं आणि उन्हानं गेलं. कुठं खोदायचं, किती खोदायचं आणि मुख्य म्हणजे कुठं खोदायचं नाही, हे सांगणारा माणूस प्रत्येक ठिकाणी नव्हता. आता मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशानं तापीच्या महापुनर्भरण योजनेचा करार केलाय. पुराचं पाणी कालव्यांनी याच बझाडा पट्ट्यात आणून मुरवायचं, अशी कल्पना. तू पदवी घेऊन बाहेर पडशील तेव्हा तुझ्या घराजवळ हे काम कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर असेल. किती वेगानं पुढं जाईल ते सरकारच्या हातात.

आता पदव्यांकडे येते.

पर्यावरणशास्त्राच्या बीएस्सीत काय शिकवतात ते त्या कॉलेजच्या अभ्यासक्रमात उघडून बघ. साधारणपणे परिसंस्था, जैवविविधता, हवा-पाणी-मातीचं प्रदूषण, घनकचरा, कायदे, पर्यावरणीय आघात मूल्यांकन, थोडं भूशास्त्र, थोडं हवामान. वाचायला सुंदर. या मुलांना प्रश्न सगळ्या बाजूंनी दिसतो, आणि हे कमी नाही. माझ्या पिढीच्या भूशास्त्रज्ञांना झाड म्हणजे खडक झाकणारा अडथळा वाटायचा. अडचण अशी की अठराव्या वर्षी सगळं थोडं थोडं शिकलं की हातात हत्यार एकही राहत नाही.

एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी एका गावच्या विहिरींच्या पाण्याचा अहवाल माझ्याकडे तपासायला आला. करणारा मुलगा पर्यावरणशास्त्रात पहिल्या वर्गात आलेला, हुशार. बांधणी, आलेख, फोटो, सगळं नीटनेटकं. नायट्रेटच्या रकान्यात एका विहिरीपुढं २० आणि शेरा 'सुरक्षित', कारण पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. मी सवयीनं आयनांचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या विद्युतभारित कणांचा, ताळा केला. पाण्यावर एकूण विद्युतभार नसतो, त्यामुळे धन आयन आणि ऋण आयन यांच्या बेरजा जवळपास सारख्या यायला हव्यात, पाचेक टक्क्यांचा फरक चालतो. इथं धन १०.४ आणि ऋण ९.३. ऋण बाजूला काहीतरी कमी पडत होतं. प्रयोगशाळेला फोन लावला तेव्हा कळलं, त्यांनी नायट्रेट 'नायट्रोजन म्हणून' मोजून दिलं होतं. ते नायट्रेटमध्ये बदलायला ६२ भागिले १४, म्हणजे साधारण ४.४ नं गुणावं लागतं. २० चे झाले ८८. मर्यादेच्या जवळपास दुप्पट. ताळाही जुळला. त्या विहिरीचं पाणी अंगणवाडीत जात होतं.

पोरगा आळशी नव्हता. रसायनशास्त्राचा एवढा तुकडा त्याला कुणी पक्का करून घेतलाच नव्हता. म्हणून मी सगळ्यांना सांगते: पदवीला मूळ विषय घ्या, पर्यावरण एम.एस्सी.ला घ्या. अपवाद असतात. काही कॉलेजांत पर्यावरणाच्या बीएस्सीबरोबर रसायन किंवा गणित जोमानं शिकवतात, प्रयोगशाळा धडधाकट असते. तिथं माझा आक्षेप गळून पडतो.

दुसरं, दारांचं. हे कुणी सांगत नाही आणि मुलं तिसऱ्या वर्षाला पोचल्यावर रडत येतात. यूपीएससीची भूवैज्ञानिकांची एकत्रित परीक्षा आहे, तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. तिथं भूवैज्ञानिक किंवा भूजलशास्त्रज्ञ व्हायला भूशास्त्रातली किंवा तिच्या शाखांतली पदव्युत्तर पदवी लागते. भूभौतिकीच्या पदाला पदार्थविज्ञान किंवा भूभौतिकीची, रसायनतज्ज्ञाच्या पदाला रसायनाची. पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.ला यात जागा नाही. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला जे पदवी विषय चालतात त्यांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, पदार्थविज्ञान, गणित, संख्याशास्त्र आहे, भूशास्त्र आहे, शेती, वनशास्त्र, इंजिनिअरिंग आहे. पर्यावरणशास्त्र नाही आणि भूगोलही नाही. जंगलात काम करायचं म्हणून पर्यावरण घेतलेल्या मुलाला हे कळतं तेव्हा त्याचं तोंड बघवत नाही. आयआयटीच्या एम.एस्सी.साठी जी जॅम परीक्षा होते तिच्यात भूशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे, पर्यावरणाचा नाही. उलट बाजूही सांगते: गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत आता पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा पेपर आहे, प्राध्यापकीच्या नेटला पर्यावरणाचा विषय आहे, आणि पर्यावरण अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्यांत या पदवीला काम मिळतं. अर्हता बदलत राहतात, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नकोस, ज्या वर्षी अर्ज करशील त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाच.

यातून एक गोष्ट निघते. भूशास्त्राची बीएस्सी केलेल्याला पुढं पर्यावरणाच्या एम.एस्सी.ला जाता येतं. पर्यावरणाची बीएस्सी केलेल्याला भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, कारण पदवीला भूशास्त्र असण्याची अट असते. एका बाजूनं वाट आहे, दुसऱ्या बाजूनं नाही. मन नक्की ठरलेलं नसताना वाट असलेल्या बाजूला उभं राहावं, एवढाच साधा व्यवहार.

भूशास्त्राच्या उणिवा आता. पहिली, ते कॉलेजोकॉलेजी मिळत नाही. पुण्यात फर्ग्युसनला आहे, मुंबईत सेंट झेवियर्सला आहे, नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्राची प्रशाळा आहे. पण तालुक्याच्या कॉलेजात मिळण्याची शक्यता कमी. दुसरी, नुसत्या बीएस्सीवर हाती फार काही लागत नाही, एम.एस्सी. धरूनच चालायचं. खाणीचा आराखडा करायचा तरी खाण अभियंता किंवा भूशास्त्राचा पदव्युत्तर माणूस लागतो. तिसरी, सरकारी भरती. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत जागा निघतात तेव्हा निघतात. मधल्या काळात मुलं तात्पुरत्या करारावर काम करतात, काही कंटाळून बँकेच्या परीक्षा देतात. मी स्वतः पाच वर्षं असल्या करारांवर काढली आणि दोनदा चार-चार महिने मानधन अडकलं. सिनेमासारखं काही नसतं यात. जे टिकतात ते बहुतेक खासगी कामं, संस्था आणि करार अशी तिन्हींची मोळी बांधून टिकतात.

भूगोलाला लोक उगाच हलकं समजतात. जीआयएस (संगणकावरचं नकाशांचं काम) आणि दूरसंवेदन (उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन वाचणं) नीट शिकवणारं भूगोलाचं खातं असेल तर त्या मुलांना काम लवकर मिळतं, बऱ्याचदा भूशास्त्राच्या मुलांच्या आधी. फक्त पडद्यावर दिसतं ते जमिनीवर जाऊन बघायची सवय ठेवावी. उपग्रहाच्या चित्रावरून काढलेल्या एका नकाशात मला एक लांबलचक सरळ डाईक दाखवली होती. साक्री तालुक्यात जागेवर गेलो तर ती निघाली जुनी पाटचारी.

बाबांचं ॲग्रीचं म्हणणं उडवून लावू नकोस. त्यांच्या डोक्यात नोकरीची हमी असेल, पण इतरही कारणं आहेत. कृषी सहायकापासून बँकेपर्यंत जागा जास्त असतात, माती आणि पाणी दोन्ही शिकायला मिळतं, धुळ्यातच राहुरीच्या विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय आहे. शिवाय २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींचं शिक्षण शुल्क ठरावीक उत्पन्नाच्या आत माफ आहे, साध्या बीएस्सीला तो फायदा नाही. पण त्याला सीईटी लागते; तू दिली असशील तरच हा पर्याय यंदाचा. तुझं मन केळीच्या मुळापाशी जास्त रमतं की खालच्या वाळूत, ते तूच सांगू शकशील. इंजिनिअरिंगचं तू विचारलं नाहीस म्हणून एकच वाक्य: कृषी अभियांत्रिकीत मृद-जलसंधारण नावाचा विषय आहे, पाणलोटाच्या कामाला तो फार उपयोगी.

राहिलं घराजवळचं केमिस्ट्री. तू ते यादीत शेवटी, नाइलाज म्हणून लिहिलंयस. मी त्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. वर सांगितलेला नायट्रेटचा किस्सा केमिस्ट्रीच्या मुलीनं पाच मिनिटांत पकडला असता. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेता येतो. मुख्य केमिस्ट्री आणि मिळत असेल तर दुय्यम भूगोल किंवा गणित, हे जोडकाम घट्ट आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन निघता येतं, चौथं केलं तर ऑनर्स. पुढं जळगावला आपल्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठात पर्यावरण आणि भूविज्ञानाची प्रशाळा आहेच. या वाटेनं घरूनही शिकता येईल. गमावशील ते एकच: भूशास्त्राची एम.एस्सी. आणि तिच्यामागची पदं.

आतापर्यंतचं थोडक्यात. पुण्याचा खर्च घरच्यांना झेपत असेल आणि दगड-मातीचं खरंच कुतूहल असेल, तर भूशास्त्र, आणि जोडीला गणित सोडायचं नाही. झेपत नसेल, तर जवळ केमिस्ट्री आणि मग पर्यावरणाची एम.एस्सी. शेतीतच राहायचं असेल आणि सीईटीचे गुण असतील, तर बाबांचं ऐक. पर्यावरणाची बीएस्सी चौथी, तीही प्रयोगशाळा बघितल्यावर. पुण्याच्या खर्चात फी हा लहान आकडा, राहणं-जेवणं मोठा; सरकारी वसतिगृह आणि शिष्यवृत्ती कुठली लागू होते ते प्रवेशाच्या आधी समाजकल्याण किंवा आदिवासी विकासच्या कार्यालयात विचारून घे, नंतर तारखा निघून जातात.

आता मामा.

मामांना सांग, दगड फोडतो ते खरं आहे. हातोडा सोबत असतो, ताजा तुकडा काढून भिंगातून बघावा लागतो, कारण बाहेरून उन्हानं काळवंडलेले सगळे सारखेच दिसतात. हिंडावंही लागतं. मी सुरुवात केली तेव्हा शिंदखेड्याच्या एका गावात आप्पा पारावरून म्हणाले होते, "पानी शे का नही, तेवढं सांग. बाईमानूस सांगो का गडीमानूस." त्या एका वाक्यानं माझं काम फार सोपं केलं. अडचणी वेगळ्याच असतात: दिवसभर रानात संडासाची सोय नसते, शेवटची एसटी चुकली की मुक्काम, आणि काही ठिकाणी बोअरच्या गाडीवरची मंडळी बाईचं ऐकत नाहीत, तीनशे फुटांवर थांब म्हटलं तरी पुढं जातात, कारण त्यांचे पैसे फुटावर असतात. मी एकटी कधी जात नाही, सोबत गावातली एखादी ओळखीची बाई किंवा सहकारी असतो, आणि गाडी थांबवायचा अधिकार माझा, हे शेतकऱ्याशी आधीच बोलून ठेवते. शिवाय हिंडायचं नसेल तर प्रयोगशाळा आहे, नकाशे आहेत, संगणकावर भूजलाची प्रतिमानं करण्याचं काम आहे. हातोडा न उचलता निवृत्त झालेले भूशास्त्रज्ञही मी पाहिलेत. त्यांचा हेवा वाटत नाही.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा माहितीपत्रकाऐवजी तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ. गेल्या वर्षी शैक्षणिक सहल किती दिवसांची झाली? नकाशा तुम्ही स्वतः काढला की सरांनी फळ्यावर काढून दिला? सूक्ष्मदर्शक किती चालू आहेत? खडकांचे नमुने कपाटाला कुलूप लावून ठेवलेत का? पाण्याचं पृथक्करण तुमच्या हातून होतं की दाखवतात? कायमचे प्राध्यापक किती आणि तासिकेवरचे किती? दहा मिनिटांत कॉलेज कळतं. पुण्याच्या नावाला भुलू नकोस, तिथंही कुलूपबंद कपाटं आहेत.

आणि प्रवेशाची गडबड सुरू व्हायच्या आत, घरी बसून करण्यासारखी एक गोष्ट. तुमच्या आसपास उघड्या विहिरी उरल्या असतील. नसतील तर सातपुड्याच्या बाजूला मामाच्या नाहीतर आत्याच्या गावी असतील. तीन विहिरी निवड: एक डोंगराकडची, एक मधली, एक तापीकडची. दोरीला वजन बांधून पाण्यापर्यंतची खोली मोज, वहीत तारीख, वेळ आणि शेजारी मोटर चालू होती का ते लिही. दर पंधरा दिवसांनी मोज, पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवडाभर रोज. कुठली विहीर आधी चढते, कुठली पंधरा दिवसांनी, कुठली चढतच नाही, ते बघ. जवळ कुठं तापीच्या काठच्या घळी असतील तर तिथं जाऊन उभ्या कापात वाळू, माती, गोटे यांचे थर मोजून चित्र काढ. हे करताना कंटाळा आला तर भूशास्त्र घेऊ नकोस, केमिस्ट्री घे किंवा ॲग्री. रात्री झोपताना "मधली विहीर आधी का चढली" असं डोक्यात घोळायला लागलं, तर मामांना मी फोन करते.

मोजताना एक काळजी घे. कठड्यावर एका जागी रंगानं खूण कर आणि प्रत्येक वेळी तिथूनच दोरी सोड. कठडा सगळीकडून सारख्या उंचीचा नसतो, आणि अर्ध्या फुटाच्या फरकात पंधरा दिवसांची चढ-उतार बुडून जाते.